समासातला आचारी

डुलुथच्या टेकडीवर, चर्चच्या तळमजल्यातल्या जुन्या बाजारात
मला ती पेटी मिळाली.
एकोणीस पुस्तकं, चार डॉलर,
वर एक फुटका कंदील फुकट.
मुखपृष्ठांवर तेच ते:
दंड फुगवलेला उघडा गडी,
पायाशी मेलेला अजगर, मागे हिरवा धूर,
आणि जवळजवळ काहीच न नेसलेली एक बाई.
इथे, जिथे जानेवारीत पापण्या एकमेकींना चिकटतात!

मी वेंडेल कोस्केला, बॉयलर दुरुस्त करतो.
गुरुवारी रात्री माझ्या तळघरात
चौघं येतात, फासे घेऊन,
आणि मी त्यांना जग पुरवतो.
तोवरचं माझं जग म्हणजे
नकाशे, राजघराणी, सात पिढ्यांचे शाप
आणि एक भविष्यवाणी, यमक जुळवून.
टेरेन्स तिच्या दुसऱ्या ओळीला घोरायचा.

पेटीतल्या पुस्तकांत जगाला वाचवायची
कुणालाच घाई नव्हती.
माणिक चोरायचं, पळायचं,
पुढच्या प्रकरणात ते पिऊन संपलेलं.
पुन्हा रिकामा खिसा, पुन्हा नवी भिंत चढायला.
आणि मंत्र उधारीवर मिळत नसे:
मांत्रिकाने बोट उचललं
की त्याचं एक बोट कमी.

पण मला धरून ठेवलं ते समासांनी.
बारीक, तिरकी पेन्सिल.
आतल्या पानावर नाव: ए. पेल्की,
खनिज वाहणाऱ्या बोटीवरचा आचारी.
'ओला दोर असा पेटत नाही.'
'तीन दिवसांचा उपाशी माणूस इतकं बोलत नाही.'
'सोनं ठेवलं कुठे? याला खिसाच नाही.'
'आज वाटाण्याचं सूप. लाटा पंधरा फूट.
मांत्रिक मेला. बरं झालं.'
आणि जिथे नायक काळ्या मनोऱ्याची पहिली पायरी चढतो,
तिथे एवढंच:
'मी असतो तर परत फिरलो असतो.'

माझे नकाशे मी रंगाच्या डब्याखाली अंथरले.
गुरुवारी सुरुवात केली ती अशी:
'ताश्वूर शहर. खाणावळीचं तीन रात्रींचं भाडं थकलंय.
मालकीण जिन्यात उभी आहे.'
टेरेन्स उठून बसला.
मारिट काहीच बोलली नाही;
तिची कागद गिरणी मार्चमध्ये बंद पडली होती.
मग तिने आपल्या तलवारबाईच्या वतीने विचारलं,
'मागच्या दाराला कडी आहे का?'

नऊ गुरुवार.
त्यांनी चोरलं, उडवलं, मार खाल्ला,
एका देवाला फसवून त्याचे जोडे विकले.
दहाव्याला मनोरा.
वरच्या मजल्यावर मांत्रिक तयार होता,
तीन आठवडे घडवलेला, आठ बोटांचा,
त्याचं भाषणसुद्धा पाठ केलं होतं मी.
खाली, केवळ वातावरणासाठी,
मी एक स्वयंपाकघर ठेवलं
आणि त्यात पातेलं ढवळणारा एक म्हातारा.

'वर काय आहे?' मारिटने विचारलं.
माझ्या तोंडून निघून गेलं,
'मी असतो तर परत फिरलो असतो.'
सगळे हसले. ती नाही.
'पगार मिळतो का तुला?'
मी वहीत पाहिलं. वहीत काहीच नव्हतं.
'अकरा वर्षं थकलाय,' मी म्हणालो.

तिने वीस पैलूंचा फासा उचललासुद्धा नाही.
'चला,' ती म्हणाली, 'याला चोरू या.'

माझा मांत्रिक वर ताटकळत राहिला,
अजूनही असेल.
ते पातेल्यासकट म्हाताऱ्याला घेऊन
खंदकातून बाहेर पडले,
ओला दोर पेटवायचा प्रयत्न न करता.

सगळे गेल्यावर मी ते पान काढलं,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि पेल्कीच्या ओळीखाली लिहिलं:
'फिरले. तुम्हाला घेऊन.'

पुढच्या गुरुवारी टेरेन्स
अर्धा किलो वाटाणे घेऊन आला.